खाडीतला गाळ येतो कुठून, वरून की दर्यातून?

गोवळकोटचा_गण्या
नमस्कार मंडळी. चिपळूणकडचं कोणी असेल त्याला विषय नवीन नाही. २२ जुलै २०२१ चा पूर झाला, मग वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून उपोषणं झाली, पोकलेन आले, डंपर आले, गाळ निघाला आणि अजून दरवर्षी उन्हाळा आला की तोच विषय. बैठकीत सगळे एकच धरून बोलतात की गाळ म्हणजे सह्याद्रीतून वाहून आलेली माती. वरच्या अंगाला ते दिसतंच, बहादूरशेख नाक्याच्या पुलाखाली गोटे आणि जाडी वाळू. पण गोवळकोटच्या खाली जसजसं जावं तसतशी वाळू संपते आणि काळपट राखाडी चिकण चिखल लागतो, सुकतीला, म्हणजे ओहोटीने पाणी पार उतरल्यावर, होडीतून उतरलं तर पाय पोटरीपर्यंत आत आणि चप्पल परत मिळायची गॅरंटी नाही. हा माल वरच्यासारखा दिसतच नाही.
आता खरा प्रश्न. आमचे काका आयुष्यभर खाडीत होडी चालवत आले, ते म्हणतात पावसात खाडी खोल होते आणि शिमग्यापासून पुढे भरत जाते. नदी गाळ आणते पावसात. मग भरायला पण पावसातच पाहिजे ना? काका चुकीचं सांगत नसणार कारण बांबू टाकून खोली बघतच ते होडी नेतात. हे उलटं कसं काय, कोणी सांगेल का?

साधा_सरळ
एवढं अवघड काय आहे त्यात. डोंगर बोडके केले, माती खाली आली, खाडीत बसली. समुद्र कशाला माती आणतोय, समुद्र तर घेऊन जातो. बाकी सगळी थिअरी.

किनारा_इंजिनीअर
गण्या, काकांचं निरीक्षण बरोबर आहे आणि साधा_सरळ यांचंही अर्धं बरोबर आहे. मी बंदरांच्या गाळाचीच कामं करतो म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.
पहिली गोष्ट, गाळ हा एक पदार्थ नाहीच. वाळूचा कण दशांश मिलिमीटरचा असला तरी मीटरभर पाण्यातून तळाला जायला त्याला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे पाण्याचा वेग जरा पडला की वाळू तिथेच बसते. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनचा. त्याला तेच एक मीटर उतरायला तीन दिवस लागतात, तेही पाणी एकदम स्थिर असेल तर. खाडीचं पाणी तीन तास स्थिर राहत नाही, तीन दिवस कुठलं. म्हणजे हिशोबाने बघितलं तर ही माती खाडीत बसायलाच नको, सरळ समुद्रात जायला हवी. आणि पुराच्या दिवसांत बरीचशी जातेच, विमानातून किंवा सॅटेलाइटच्या फोटोत जुलैमध्ये खाड्यांच्या तोंडाबाहेर तांबडे पट्टे दिसतात ते तेच.
मग बसते कशी? खारं पाणी लागलं की. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना ढकलत सुटे सुटे तरंगत राहतात. मिठाने तो भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटून गोळे व्हायला लागतात, दूध फाटावं तसं. ह्या गोळ्यांचा खाली बसायचा वेग सुट्या कणाच्या शंभरपटीच्याही वर जातो, मीटरभर उतरायला अर्धा तास पुरतो. आणि भरती पालटताना पाणी तेवढं थांबतंच. म्हणजे चिखल बसायची जागा ठरवते ती गोडं आणि खारं पाणी भेटण्याची जागा. तुमच्या इथे वाळू संपून चिखल सुरू होतो तो पट्टा साधारण हाच असणार बघ.

शाळेतल्या_बाई
छान समजावलंत. पण गोडं पाणी बाहेर जातंय आणि खारं आत येतंय हे एकाच ठिकाणी एकाच वेळी कसं होतं? भरतीला आत, ओहोटीला बाहेर एवढंच आम्ही मुलांना शिकवतो.

किनारा_इंजिनीअर
बाई, भरती-ओहोटीला सगळंच पाणी पुढे-मागे होतं ते खरंच आहे. पण भरती-ओहोटीची सरासरी काढून टाकली की खाली एक संथ चाल उरते. समुद्राचं पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो, नदीचं १०००. फरक अडीच टक्केच, पण तेवढ्यावर जड पाणी हलक्याच्या पोटाखाली पाचरीसारखं घुसतं. वरून गोडं बाहेर जाताना खालच्या खाऱ्यातलं थोडं थोडं ओढून आपल्यात मिसळून नेतं, आणि जेवढं नेलं तेवढं समुद्रातून तळाशी परत आत येतं. सरासरीने वरचा थर समुद्राकडे, तळाचा थर गावाकडे. आणि चिखल वरती असतो का तळाशी? तळाशीच जास्त. झालं, तळातली चाल त्याला आत ढकलते, नदीचा गोडा प्रवाह वरून बाहेर ढकलतो, आणि खाऱ्याच्या टोकाला जिथे दोन्ही संपतात तिथे पाणी सगळ्यात गढूळ. पुस्तकात त्याला गढूळतेचा कमाल पट्टा म्हणतात.

गोवळकोटचा_गण्या
अरे हो! काका हे सांगतात की पाऊस संपता संपता वरून पाणी उतरत असतं, पाला-फांद्या खाडीच्या तोंडाकडे, दाभोळकडे चाललेल्या दिसतात आणि जाळ्याचा खालचा काठ मात्र उलट्या अंगाला ओढला जातो. आम्हाला वाटायचं तळाशी काहीतरी अडकलंय.

किनारा_इंजिनीअर
तेच ते. ऑक्टोबरात हे सगळ्यात चांगलं दिसतं कारण नदीला पाणी असतं आणि समुद्रही शांत झालेला असतो. बघायचं असेल तर काचेच्या बाटलीला दगड बांध, बुचाला वेगळी दोरी, तळाला गेली की बुच ओढ, भरली की वर घे. वरचं पाणी गोडं आणि बाटलीतलं खारट निघेल.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. इथे मांडवी आणि झुआरीवर दोना पावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था) इतकं मोजमाप केलंय की देशात दुसऱ्या कुठल्या खाड्यांवर क्वचितच झालं असेल, आणि त्यातून निघालेली महत्त्वाची गोष्ट वरच्या चर्चेत यायला पाहिजे. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकातल्या खाड्यांना नदीचं पाणी बारा महिने असतं, कमी-जास्त होतं पण असतं. आपल्याकडे चार महिन्यांत सगळं पाणी येऊन जातं आणि मग नदी जवळपास बंद. म्हणून आपल्या खाड्यांना त्या लोकांनी मान्सूनी खाड्या असा वेगळा वर्गच केला, ज्यात खारटपणा कधी स्थिर होतच नाही. जुलै-ऑगस्टात मांडवीत खारं पाणी पार तोंडाशी ढकललं जातं आणि तिथे तळाशी पाचर होऊन बसतं, वर गोड्याचा थर. पाऊस थांबला की खारं हळूहळू आत सरकायला लागतं ते थेट पुढच्या जूनपर्यंत सरकतच असतं, एप्रिल-मेमध्ये तीस किलोमीटरच्या वर गेलेलं असतं, आणि तोपर्यंत थर वगैरे राहत नाही, भरती-ओहोटी सगळं ढवळून वरपासून खालपर्यंत एकसारखं करते.
म्हणजे वरती सांगितलेला गढूळ पट्टा आपल्याकडे एका जागी नसतोच, वर्षभर तो खाडीत चालत असतो. दादा, बरोबर ना?

किनारा_इंजिनीअर
अगदी बरोबर, मी हे आधीच लिहायला हवं होतं. आणि थर मोडल्यावर उन्हाळ्यात चिखल आत आणायचं काम दुसरंच यंत्र करतं, ते रात्री लिहितो, साइटवर आहे.

खारेपाटकर
तोवर मी एक टाकतो. आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले खारबंदिस्तीचे बांध आहेत आणि बांधांत आतलं पाणी सोडायच्या उघाड्या. उघाडीचं दार बाहेरच्या अंगाला टेकवलेलं असतं, भरती चढली की पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आतलं पाणी ढकलून आपोआप उघडं. लहानपणी आम्ही तिथे बसून जिताडा मासा कधी येतो ते बघायचो. तर दाराच्या बाहेर जो नाळ, म्हणजे पाणी जायचा चर, असतो तो दरवर्षी उन्हाळ्यात चिखलाने भरायचा आणि पावसाचं पाणी आतून सुटलं की साफ व्हायचा. जिथे उघाडी मोडून कायमची बुजवली तिथला नाळ पाच-सहा वर्षांत नाहीसाच झाला, आता तिथे तिवरं उभी आहेत. नदी तिथे कुठलीच नाही हे महत्त्वाचं, डोंगरही नाही. मग तो चिखल साधा_सरळ साहेबांच्या कुठल्या बोडक्या डोंगरातून आला?

साधा_सरळ
मूळ डोंगरातलाच की हो. समुद्रात गेला आणि परत आला एवढंच.

खारेपाटकर
हे मान्य 😄 पण "परत आला" एवढंच आम्ही सगळे सांगतोय.

किनारा_इंजिनीअर
हां, आलो. उन्हाळ्यातलं यंत्र.
भरती ही एक लांबच लांब लाट आहे आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. समजा खाडीत भरतीला चार मीटर पाणी आहे आणि सुकतीला दोन. चार मीटरवर लाट सेकंदाला सव्वासहा मीटरने पळते, दोनवर साडेचारच्या आतबाहेर. चाळीस किलोमीटर आत असलेल्या गावाला दाभोळची भरती पावणेदोन तासांनी पोचेल आणि दाभोळची सुकती अडीच तासांनी. म्हणजे तोंडाशी भरती आणि ओहोटी सव्वासहा-सव्वासहा तासांची असली तरी आत गावात भरती साडेपाच तासांतच चढते आणि ओहोटी सात तास रेंगाळते. तेवढंच पाणी कमी वेळात आत यायचं तर वेग जास्त हवा. वेग सव्वापट झाला की माती उचलून न्यायची ताकद सव्वापट नाही, जवळपास दुप्पट होते. प्रत्येक भरतीला चार पाट्या आत आल्या तर ओहोटीला तीन बाहेर जातात असं समजा. दिवसाला दोन भरत्या, ऑक्टोबर ते मे. शिवाय भरतीच्या टोकाला काठाच्या उथळ पाण्यात जे बसलं ते उचलायला ओहोटीचा सुरुवातीचा मंद प्रवाह पुरत नाही, तो वेग धरेपर्यंत काठ उघडा पडलेला असतो.
आणि आणायला माल कुठे आहे? तोंडाबाहेर. पुरात जी माती बाहेर गेली ती काही आफ्रिकेला जात नाही, किनाऱ्याजवळच्या समुद्रतळावर पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत चिखलाचा पट्टाच आहे आपल्या पश्चिम किनाऱ्याला. लाटांनी तो ढवळतो, भरतीबरोबर आत येतो. गण्याच्या काकांचं गणित इथे जुळतं. पावसात पुराचं पाणी आतला चिखल खरवडून बाहेर फेकतं, शिमग्यापर्यंत नदीचा जोर ओसरतो, आणि मग समुद्र परत भरत जातो.

देवबागकार
ह्या सगळा चिखलाचा झाला. वाळयेचा काय? आमच्या देवबागाक येवा, एका बाजूक कर्ली नदी, दुसऱ्या बाजूक दर्यो, मधी आमी. संगमाकडे वाळू आज हय तर पुढल्या वर्षाक थय. सुनामी आयलंड म्हणतत तो पण वाळयेचोच पट्टो, त्येका काय कोणी गाळ म्हणना नाय, तिकीट काढून बघूक जातत.

मांडवीकाठ
खरंय, तोंडाशी खेळ वाळूचा आणि लाटांचा. आमचा आग्वादचा वाळूचा दांडा घ्या, मांडवीच्या तोंडावरचा. आत नदी पुराने खोल होत असते आणि त्याच दिवसांत तोंडावर नैऋत्येच्या लाटा वाळू आणून दांडा चढवतात, वर लाटा फुटतात, त्यामुळे पावसाळ्यात ते तोंड जहाजांना बंदच. खनिजाच्या बार्जेस म्हणून पावसात मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत यायच्या आणि मुरगावला जायच्या, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत हे रोजचं दृश्य होतं. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनोचं जहाज भर पावसात आत आणायला गेले आणि मिरामारला वाळूत रुतून बसलं, सगळ्या पणजीने जाऊन सेल्फी काढले.

गोवळकोटचा_गण्या
म्हणजे एकाच खाडीत तोंडाशी समुद्राची वाळू, मध्ये चिखल आणि वरती नदीची वाळू-गोटे. तीन वेगळे माल, तीन वेगळे आणणारे. आमच्या बैठकीत तिन्हीला मिळून एकच आकडा असतो, इतके लाख घनमीटर गाळ.

हावडा_ब्रिज
मी नोकरीनिमित्त कोलकात्यात. हुगळीचं हेच दुखणं आहे, समुद्राची भरती चिखल आत आणते आणि वरून गंगेचं पाणी कमी पडतं. म्हणून १९७५ ला फराक्का बॅरेज सुरू करून सेकंदाला ४०,००० घनफूट पाणी हुगळीत वळवायचं ठरलं, गाळ धुऊन काढायला. तुमच्याकडे कोयनेचं पाणी आयतं वाशिष्ठीत येतंय ना? सोडा की जोरात.

गोवळकोटचा_गण्या
हो, कोयनेचं वीज करून झालेलं पाणी आमच्याकडेच उतरतं, भर मे महिन्यात वाशिष्ठीला पाणी दिसतं ते त्यामुळे. शेजारची शास्त्री नाहीतर काजळी नदी तेव्हा वरती कोरडी ठणठणीत. दादा, ह्याने गाळ जाईल का?

किनारा_इंजिनीअर
ह्यावर लोक फार घाईने बोलतात म्हणून आकडे मांडतो. कोयनेतून पश्चिमेला वळवायची कृष्णा पाणी लवादाची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). वर्षभरात वाटली तर सरासरी सेकंदाला साठ घनमीटर. फराक्काचे ४०,००० घनफूट म्हणजे ११०० घनमीटरच्या वर. आता खाडी बघा, ढोबळ धरू, चाळीस किलोमीटर लांब, सरासरी चारशे मीटर रुंद, दीड मीटर पाणी चढतं. एका भरतीला जवळपास अडीच कोटी घनमीटर आत येणार, म्हणजे तोंडाशी सरासरी सेकंदाला हजारेक घनमीटर. त्याच्यापुढे साठने धुलाई होत नाही. विजेची गरज लागेल तसं पाणी सुटतं त्यामुळे ते सारखं पण नसतं.
पण साठ घनमीटर थर टिकवायला भरपूर आहेत. बाकीच्या कोकणी खाड्या उन्हाळ्यात मांडवीसारख्या वरपासून खालपर्यंत ढवळल्या जातात, वाशिष्ठीच्या वरच्या भागात मात्र उन्हाळ्यातही गोडं वर आणि खारं तळाशी राहायला वाव मिळतो. तळाची आत येणारी चाल चालू राहते आणि खाऱ्याचं टोक इतर खाड्यांएवढं वर पळत नाही, एका पट्ट्यात घुटमळतं. चिखल त्याच पट्ट्यात साचत जायला हे चांगलंच निमित्त आहे. म्हणून वाशिष्ठीला दुसऱ्या खाडीचा उपाय उचलून लावता येणार नाही. माझं मत विचाराल तर आराखडा करायच्या आधी खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएससारख्या (केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र) संस्थेकडून मॉडेल करून घ्यायला पाहिजे, खाड्या आणि बंदरं हे त्यांचं जुनं काम आहे.

शाळेतल्या_बाई
मध्येच सांगते, मुलांबरोबर प्रयोग केला. खाडीकाठचा चिखल विहिरीच्या पाण्यात धुऊन गाळून घेतला, मीठ जाईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदललं, मग दोन सारख्या बरण्यांत ते गढूळ पाणी. एकीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ, साधं जाडं मीठ. मिठाच्या बरणीत दहा-पंधरा मिनिटांत डोळ्याला दिसतील असे बारीक पुंजके झाले आणि तास संपायच्या आत वरचं पाणी निवळलं, तळाला मऊ थर. बिनमिठाची बरणी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाची. एका मुलीने मिठाची बरणी जोरात हलवली तर पुंजके फुटले आणि ठेवल्यावर परत झाले, ते तिने स्वतःच सगळ्यांना दाखवलं.

किनारा_इंजिनीअर
बाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. खाडीत उधाणाला जोराच्या प्रवाहात हेच होतं, पुंजके फुटतात, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंद झालं की परत होतात आणि बसतात. म्हणून भांगाच्या दिवसांत खाडीचं पाणी जरा स्वच्छ दिसतं आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे गढूळ.

साधा_सरळ
बरं मानलं सगळं. आता मुद्द्याचं बोला. गाळ काढायचा की नाही? पुराचं पाणी आमच्या घरात येतं, थिअरी नाही येत.

किनारा_इंजिनीअर
काढायचा, पण कशासाठी ते ठरवून. पुरासाठी महत्त्वाचं आहे ते वरचं, शहरातलं आणि त्याच्या लगेच खालचं पात्र, गोटे-वाळूची बेटं, पुलांची अडचण. तो माल नदीने आणलेला, काढला तर पुढचा मोठा पूर येईपर्यंत फायदा राहतो. पण २०२१ सारखा पाऊस आणि दोन दिवसांवर गुरुपौर्णिमेचं उधाण, अशा वेळी खाली खाडीच भरतीने चढलेली असते तेव्हा नुसतं पात्र खोल केलं म्हणून पाणी पटकन उतरेल असंही नाही.
खालचा चिखल होड्यांसाठी काढायचा असेल तर तो खड्डा समुद्र परत भरणार हे धरूनच दरवर्षीचा खर्च मांडायचा. तळ फार खोल केला तर खारं पाणी आणखी आत येतं, विहिरी मचूळ होतात आणि चिखलाचा पट्टा वर सरकतो. सक्शन पंपाने वाळू उपसलेल्या जागांचंही हेच.
आणि खारेपाटकरांचा बुजलेल्या नाळाचा मुद्दा कोणी उचलला नाही. काढलेला गाळ टाकता कुठे? काठच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या सखल जागेत, आणि तिवरांत भराव म्हणून टाकला तर भरतीचं पाणी पसरायची जागा गेली. ती जागा असते तेव्हा पाणी वर चढून काठावर थांबतं आणि ओहोटीला जोराने परत येतं, तो जोर पात्र साफ ठेवतो. जागा बुजवली की आत-बाहेर करणारं एकूण पाणी कमी, ओहोटी मंद, आणि तोंड आणखी लवकर भरतं. गाळ काढायच्या पैशात गाळ वाढवायची सोय.

खारेपाटकर
हेच आमच्याकडे झालं. भराव, त्याच्यावर रस्ता, रस्त्याला मोरी म्हणून दोन पाईप. आता धक्क्याला बोट भरतीतच लागते.

गोवळकोटचा_गण्या
आमच्याकडे डंपर कुठे रिकामे झाले ते बऱ्याच जणांना माहीत आहे, नाव घेत नाही. पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न लेखी देतो, घनमीटरच्या आकड्यात वाळू किती आणि चिखल किती, आणि टाकायची जागा सुकतीच्या रेषेपासून किती वर. दादा, बाटली टाकायला कुठली वेळ बरी? काका म्हणतात अष्टमीला पाणी शांत असतं, तिथीची पाऊणपट केली तर सहाला भरती.

किनारा_इंजिनीअर
अष्टमी चांगली, भांगाला थर ठळक दिसतात. पण पाऊणपटीचा हिशोब समुद्रकाठचा आहे, तुमच्याकडे दोन तास उशीर धर, म्हणजे आठच्या सुमारास पाणी थांबेल. एक वर, एक मधे, एक तळाला, तिन्ही बाटल्यांवर वेळ लिही. मग सात-आठ दिवसांनी उधाणाला त्याच जागी परत, तेव्हा ओहोटी अर्धी उतरल्यावर.

साधा_सरळ
बाटल्या मी आणतो. रविवारी पडत असेल अष्टमी तर होडीत मला पण घ्या.